उसनी गोदी

आंग्र्यांच्या आरमाराची कथा सांगताना आपण गुराब आणि गलबत यांची नावे अभिमानाने घेतो. माल वाहणाऱ्या शिबाडांची आठवण मात्र आपल्याला क्वचितच होते. हा दोष केवळ आपला नव्हे. दुसऱ्या महायुद्धाचे इतिहास चाळले तरी विमानवाहू नौका, युद्धनौका आणि पाणबुड्या यांची वर्णने पानोपानी आढळतात. परंतु त्या युद्धनौकांना तेल, तोफांना गोळे आणि सैनिकांना पीठ पोचविणारी जहाजे बहुधा तळटीपेतच राहतात. वास्तविक पाहता ज्या राष्ट्रापाशी ही जहाजे नसतील, त्याचे आरमार बंदराच्या दारापाशीच संपते. आणि ही जहाजे बांधावयास स्वतःच्या गोद्या पुऱ्या पडेनाशा झाल्या, म्हणजे त्या राष्ट्रास मित्राच्या गोदीचा दरवाजा ठोठवावा लागतो. असा दरवाजा ठोठवल्याची आधुनिक काळातील सर्वांत मोठी घटना १९४० साली घडली. तिचे धागेदोरे सुंदरलंडपासून कॅलिफोर्नियापर्यंत आणि कॅनडापासून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीपर्यंत पोचतात. त्या घटनेचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि बिस्केच्या उपसागरावरील बंदरे जर्मन पाणबुड्यांच्या हाती गेली. त्यापूर्वी या पाणबुड्यांना उत्तर समुद्रातून मोठा वळसा घालून यावे लागे. आता अटलांटिक महासागर जणू त्यांच्या अंगणातच आला. त्या एका वर्षात ब्रिटन, त्याची मित्रराष्ट्रे व तटस्थ राष्ट्रे यांची मिळून सुमारे ४० लक्ष टनांची व्यापारी जहाजे बुडाली. उलटपक्षी ब्रिटनमधील गोद्यांची व्यापारी जहाजे बांधण्याची शक्ती वर्षाकाठी दहा लक्ष टनांच्या आगेमागे होती. त्यातही युद्धनौकांचे काम अग्रक्रमाने करावयाचे, जखमी होऊन आलेली जहाजे दुरुस्त करावयाची आणि हे सर्व रात्रीच्या बॉम्बवर्षावात करावयाचे! जमाखर्चाचे हे कोष्टक ज्याने मांडले, त्याला युद्धाचा निकाल कोणीकडे झुकतो आहे हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने एक लहानसे शिष्टमंडळ अमेरिकेस धाडले. त्याचे प्रमुख सिरिल थॉम्पसन हे सुंदरलंड येथील जोसेफ थॉम्पसन या जुन्या जहाजबांधणी पेढीच्या घराण्यातील होते. त्यांचे सहकारी हॅरी हंटर हे जहाजांची इंजिने तयार करणाऱ्या कारखान्यातील जाणकार होते. दोघेही मुत्सद्दी नव्हते. धंद्याची माणसे होती. त्यांच्यापाशी सुमारे दहा हजार टन माल वाहणाऱ्या एका साध्या जहाजाचे नकाशे होते, आणि अशी साठ जहाजे अमेरिकेतून बांधून घ्यावयाची, एवढीच त्यांना आज्ञा होती.

या जहाजात नवलाईचे काहीच नव्हते. वाफेवर चालणारे, कोळसा जाळणारे, जुन्या तऱ्हेचे त्रिप्रसरणी इंजिन आणि ताशी अकरा सागरी मैलांच्या आसपास वेग. अमेरिकन तज्ज्ञांना ते मागासलेले वाटले. त्यांचा देश टर्बाइन आणि डिझेल यांच्याकडे वळला होता, आणि जुनी बैलगाडी नव्याने कशाला बांधावयाची, असा त्यांचा रोख होता. परंतु थॉम्पसन व हंटर यांचा आग्रह विचारपूर्वक होता. टर्बाइनचे कारखाने अमेरिकन नौदलाच्या कामाने भरलेले होते. जुने इंजिन मात्र नौदलाच्या कामात न गुंतलेले कारखानेही ओतू शकत होते, आणि ते चालविणारा माणूस कोणत्याही बंदरात सापडत होता. सर्वोत्तम जहाज दोन वर्षांनी मिळण्यापेक्षा पुरेसे चांगले जहाज दहा महिन्यांत मिळणे, यातच राष्ट्राचा जीव वाचणार होता. परमुलखात राहून सरकारी फायलींशी झुंजणाऱ्या आमच्या वाचकांना या निर्णयाचे मोल अधिक सांगावयास नको. परिपूर्णतेच्या हट्टापायी किती उपयुक्त कामे वर्षानुवर्षे टिपणांखाली दबून राहतात, हे त्यांच्याइतके कोण जाणतो?

दुसरी अडचण जागेची होती. अमेरिकेतील जुन्या गोद्यांत रिकामी जागा उरली नव्हती. तो देश अद्याप कायद्याने तटस्थ होता. मनाने मित्र असला तरी आपल्या नौदलाच्या कामात खंड पडू न देण्याची त्याची अट होती. तेव्हा जहाजांच्या आधी गोद्याच बांधावयाच्या असे ठरले. एक पूर्व किनाऱ्यावर मेन राज्यातील साउथ पोर्टलंड येथे आणि दुसरी पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील रिचमंड येथे. रिचमंडच्या कामात मुख्य हात होता हेन्री कायझर यांचा. या गृहस्थांनी धरणे बांधली होती, रस्ते बांधले होते. जहाज मात्र एकही बांधले नव्हते. उपसागराच्या काठच्या चिखलाकडे बोट दाखवून, येथून तुमची जहाजे निघतील, असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास टाकणे हे धाडसच होते. ते धाडस थॉम्पसन यांनी केले.

डिसेंबरमध्ये कराराचे कागद घेऊन थॉम्पसन स्वदेशी परत निघाले. त्यांचे जहाज होते ‘वेस्टर्न प्रिन्स’. १४ डिसेंबर १९४० रोजी उत्तर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडाले. कॅनडाचे युद्धसामग्रीमंत्री सी. डी. हाउ हेही त्याच जहाजावर होते. दोघेही वाचले. हिवाळ्यातील त्या समुद्रावर लाइफबोटीत थॉम्पसन यांनी वल्ह्याला हात लावला, आणि कागदांची पेटी त्यांच्यापाशी सुखरूप राहिली. जहाजांची टंचाई किती प्राणांतिक आहे, हे जहाजे मागावयास गेलेल्या माणसाला याहून स्पष्ट रीतीने कोणी सांगू शकले नसते. २० डिसेंबर रोजी करारावर सह्या झाल्या. प्रत्येक गोदीत तीस याप्रमाणे साठ जहाजे, आणि प्रत्येकाची किंमत सुमारे सोळा लक्ष डॉलर. उसनवारीचा कायदा व्हावयास अद्याप तीन महिने अवकाश होता. हा व्यवहार रोखीचा होता.

पुढील आठ महिन्यांत चिखलाची गोदी झाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये रिचमंड येथे ‘ओशन व्हॅनगार्ड’ या पहिल्या जहाजाचे जलावतरण झाले. साउथ पोर्टलंडला तर उताराच्या धक्क्यांऐवजी मोठे हौद खणले होते. जहाज पुरे झाले की हौदात पाणी सोडावयाचे आणि ते तरंगत बाहेर न्यावयाचे. ‘ओशन व्हॅनगार्ड’ला मात्र फार आयुष्य लाभले नाही, पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजच्या समुद्रात पाणबुडीने त्याचा घास घेतला. तथापि तोवर त्याची भावंडे रांगेने बाहेर पडत होती, आणि बुडणाऱ्यामागे बांधले जाणारे उभे राहावे हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता.

येथून या कथेला अनपेक्षित वळण लागते. ब्रिटनने मित्राच्या गोदीत आपल्या नकाशावर जहाज बांधविले. मित्राने तो नकाशाच उचलला. अमेरिकेच्या सरकारला स्वतःसाठीही घाईने जहाजे हवी होती. थॉम्पसन यांच्या आराखड्यात फेरफार करून, कोळशाऐवजी तेल घालून आणि रिव्हेटऐवजी जोड शक्य तेथे वेल्डिंगने सांधून त्यांनी जे जहाज सिद्ध केले, तेच पुढे जगभर गाजलेले ‘लिबर्टी’ जहाज होय. २७ सप्टेंबर १९४१ रोजी बाल्टिमोर येथे त्यांतील पहिले, ‘पॅट्रिक हेन्री’, पाण्यात उतरले. युद्ध संपेपर्यंत अशी २७१० जहाजे बांधली गेली. जहाजाचे मोठमोठे खंड अन्यत्र तयार करून गोदीत आणावयाचे आणि तेथे केवळ सांधावयाचे, ही पद्धत धरणे बांधणाऱ्या कायझर यांना सहज सुचली. पिढीजात जहाजबांधणाऱ्याला कदाचित सुचली नसती. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंडला ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज तळकणा ठेवल्यापासून साडेचार दिवसांच्या किंचित वर अवधीत पाण्यात उतरविले गेले. ती एक चढाओढीची जाहिरात होती, नित्याचा वेग नव्हे. पण ती जाहिरात करू शकणारे हात एक-दोन वर्षांपूर्वी शेतावर, दुकानात किंवा स्वयंपाकघरात होते, ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. सहस्रावधी स्त्रियांनी याच गोद्यांत वेल्डिंगची मशाल प्रथम हाती धरली.

घाईची किंमतही द्यावी लागली. थंड समुद्रात काही जहाजांच्या पोलादाला भेगा पडू लागल्या. जानेवारी १९४३ मध्ये तर ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज ओरेगनमधील गोदीच्या धक्क्याशी उभ्या उभ्या दुभंगले. सर्वांनी दोष वेल्डिंग करणाऱ्या नवशिक्या हातांना दिला. केंब्रिज येथील कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने मात्र दाखवून दिले की, विशिष्ट थंडीत ते पोलादच काचेसारखे ठिसूळ होते, आणि अखंड सांधलेल्या जहाजात एकदा पडलेली भेग रिव्हेटच्या जोडापाशी थांबत असे तशी कोठेच थांबत नाही. येथेही सहकार्याचेच दर्शन घडते: नकाशा इंग्रजांचा, हात अमेरिकनांचे, आणि त्या हातांवरील बालंट दूर करणारी पुन्हा इंग्रज.

मालवाहू जहाजांची जी कथा, तीच सैन्य उतरविणाऱ्या जहाजांची. डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनला कळून चुकले की, युरोपात परत जावयाचे तर रणगाडे थेट वाळूवर उतरविणारे, पण महासागर ओलांडू शकणारे जहाज पाहिजे. हे गाऱ्हाणे घेऊन ब्रिटिश अधिकारी १९४१ च्या अखेरीस वॉशिंग्टनला गेले. तेथील नौदलाचे आरेखक जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबरमध्ये काही तासांतच एक कच्चे रेखाटन करून दिले. प्रवासात टाक्यांत पाणी भरून जहाज खोल बसवावयाचे, आणि किनाऱ्याशी ते पाणी काढून त्याला उथळ करावयाचे, ही त्यातील मुख्य युक्ती. त्या रेखाटनावरून हजारावर जहाजे झाली. त्यांतील शंभरावर ब्रिटनला मिळाली. नवलाची गोष्ट अशी की, त्यांतील बरीचशी समुद्रापासून शेकडो मैल दूर, ओहायो व इलिनॉय नद्यांच्या काठी बांधली गेली. एकट्या इव्हान्सव्हिल गावाने १६७ बांधली.

कॅनडाचा वाटा याहून कमी नव्हता. तेथील गोद्यांनी सुंदरलंडचाच आराखडा घेतला, परंतु रिव्हेटची जुनी पद्धत बहुतांशी कायम ठेवली. ब्रिटनसाठी बांधलेल्या या जहाजांना जुन्या व्यापारी गढ्यांची ‘फोर्ट’ अशी नावे दिली गेली. त्यांतील कित्येकांची रचना अशी की, जहाज कॅनडाने बांधावयाचे, अमेरिकेने विकत घ्यावयाचे आणि उसनवारीच्या कायद्याखाली ब्रिटनने चालवावयाचे! १९४५ साली ब्रिटिश आरमार जपानविरुद्ध पॅसिफिकमध्ये उतरले तेव्हा त्याच्यापाशी जवळचे बंदर नव्हते. बंदरच बरोबर न्यावे लागले. काही फोर्ट जहाजे तरंगती कोठारे झाली, आणि त्याच सांगाड्यांवर व्हँकूव्हरला ‘बीची हेड’ वर्गाची तरंगती दुरुस्तीशाळा-जहाजे बांधली गेली. ‘फोर्ट रोझली’सारखी त्यांतील काही जहाजे युद्धानंतरही वीसहून अधिक वर्षे ब्रिटिश नौदलाची चाकरी करीत राहिली.

याच फोर्ट जहाजांपैकी एकाचे नाव मुंबईकर विसरू शकत नाही. ते होते ‘फोर्ट स्टिकिन’. १९४२ साली ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट येथे बांधलेले हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडहून सुमारे १४०० टन स्फोटके, काही विमाने आणि सोन्याच्या लगडी घेऊन निघाले. कराचीला काही माल उतरवून रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि लाकूड भरले गेले. कापूस आणि दारू यांचा शेजार! १२ एप्रिल रोजी ते व्हिक्टोरिया गोदीत लागले. १४ एप्रिल रोजी दुपारी गाठींना आग लागलेली दिसली. जहाज खोल समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय कोणी घ्यावयाचा हे ठरेपर्यंत दुपारचे चार वाजून गेले, आणि मग जे घडले ते सांगावयास शब्द अपुरे आहेत. दोन स्फोटांत गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला, आसपासची जहाजे बुडाली, पेटत्या गाठी वस्तीवर जाऊन पडल्या. आठशेहून अधिक माणसे गेली. आग विझवावयास धावलेले अनेक बंबवाले तेथेच कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह आजही पाळला जातो. यात दोष प्रिन्स रूपर्टच्या कारागिरांचा तिळमात्र नव्हता. जहाज त्यांनी सचोटीने बांधले. त्यात काय शेजारी ठेवावे आणि संकटात हुकूम कोणाचा, हे ठरविणाऱ्यांनी कसूर केली.

परंतु फोर्ट स्टिकिनच्या स्फोटाहून आम्हांला अधिक टोचते ती निराळीच गोष्ट. जहाजांसाठी ब्रिटनने जग पालथे घातले, चिखलात गोद्या उभ्या केल्या, धरणे बांधणाऱ्यावर भरवसा ठेवला. त्याच सुमारास, २१ जून १९४१ रोजी, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने विशाखापट्टणम येथे गोदीची कोनशिला बसविली. ती बसविली बाबू राजेंद्रप्रसाद यांनी. या गोदीला सरकारचा तो हात लाभला नाही. हिंदुस्थानातील गोद्यांकडून लहान गस्ती नौका आणि मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती हे काम ब्रिटनने अवश्य करून घेतले. पण महासागरी जहाजे बांधण्याची संधी देणे निराळे. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि काम थंडावले. तेथे बांधलेले पहिले मोठे जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, ते स्वातंत्र्यानंतर. मित्राला नकाशे मिळतात, मांडलिकाला दुरुस्तीची बिले मिळतात, असेच याचे तात्पर्य काढावे लागते. आणि हे त्या मुंबईच्या बाबतीत, जेथील वाडिया घराण्याने बांधलेली सागवानी जहाजे ब्रिटिश नौदल एकेकाळी मानाने मिरवीत होते! १८१७ साली मुंबईस पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही तरंगते आहे, आणि ते उभे आहे हार्टलपूल येथे, थॉम्पसन यांच्या सुंदरलंडपासून थोड्याच अंतरावर.

आता उसन्या गोदीने देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे पुढे काय झाले, ते पाहिले पाहिजे. रिचमंड आणि साउथ पोर्टलंड येथील गोद्या युद्ध संपताच बंद झाल्या. काम आटले आणि हात पांगले. सुंदरलंडमधील जहाजबांधणी १९८८ साली संपुष्टात आली. थॉम्पसन यांची गोदी जेथे होती त्या परिसरात पुढे विद्यापीठाच्या इमारती झाल्या. दरम्यान १९७० च्या दशकात दक्षिण कोरियातील उल्सान येथे ह्युंदाईने गोदी उभारली. तिची प्रारंभीची जहाजे स्कॉटलंडमधील स्कॉट लिथगो या कंपनीच्या नकाशांवर बेतलेली होती, आणि तिचे लोक शिकले होते त्याच कंपनीत. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०१२ साली, ब्रिटिश नौदलाला चार मोठी तेलवाहू साहाय्यक जहाजे हवी होती, तेव्हा काम गेले दक्षिण कोरियातीलच देवू कंपनीकडे. आराखडा ब्रिटिश होता, शेवटची सजावट ब्रिटनमध्ये झाली. पण पोलाद कापले आणि सांधले ते कोरियात. १९४० साली आपल्या गोद्या भरल्या म्हणून ब्रिटन परदारी गेला होता. २०१२ साली त्या बहुतांशी उरल्या नव्हत्या म्हणून गेला. या दोन जाण्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे.

आपल्या देशानेही या मार्गाने बराच प्रवास केला आहे. भारतीय नौदलाची तेलवाहू नौका ‘दीपक’ १९६७ साली आणि ‘शक्ती’ १९७६ साली पश्चिम जर्मनीतील ब्रेमेन येथून बांधून आली. ‘ज्योती’ १९९६ साली रशियातून आली. आणि २०११ साली नव्या ‘दीपक’ व ‘शक्ती’ इटलीतून आल्या. हे योग्यच झाले. आरमाराला तहान लागली असता विहीर खणीत बसणे शहाणपणाचे नव्हे. परंतु विहीर खणावयाची राहूनच जावी, हेही शहाणपणाचे नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये पाच मोठ्या साहाय्यक जहाजांचा करार विशाखापट्टणमच्या त्याच गोदीशी झाला, ही वार्ता म्हणूनच आम्हांला विशेष वाटली. बदलीच्या निमित्ताने त्या बंदरी राहणाऱ्या आमच्या वाचकांना ती गोदी डोंगरावरून दिसत असेल. वालचंदांची कोनशिला तिच्याच पायात आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास, १६५९ च्या सुमारास, शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारण्यास प्रारंभ केला तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळताच त्यांनी ती माणसे फोडून परत नेली. आरमार त्यामुळे थांबले नाही, कारण महाराजांनी केवळ नौका बांधविल्या नव्हत्या. आपल्या किनाऱ्यावरील हातांना त्या कामाला लावले होते. थॉम्पसन यांच्या साठ जहाजांनी ब्रिटनला काळ मिळवून दिला, आणि तो काळ त्या क्षणी सोन्याहून मोलाचा होता. त्यांचे ऋण कोणी नाकारू नये. तथापि कौशल्य कामाच्या मागून जाते, आणि काम ज्याच्या दारी वर्षानुवर्षे येत राहील त्याच्याकडेच ते वस्तीला राहते. मित्राकडून जहाज उसने मिळते. हात उसने मिळत नाहीत. निविदा उघडताना, दर पडताळताना आणि शिफारशीखाली सही करताना किमतीच्या रकान्याशेजारी हा एक न छापलेला रकाना ज्यांना दिसतो, त्यांच्याच हातून गोद्या जगतात.